जीवदयेचा जमाखर्च : पांजरापोळ ते गुरांचा दवाखाना

गिरनार ही भगवान नेमिनाथांची निर्वाणभूमी. विवाहमंडपाकडे निघालेल्या नेमिकुमारांनी मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला आणि रथ मागे फिरवला, ही कथा प्रत्येक जैन घरात मुलांना सांगितली जाते. त्याच गिरनारच्या वाटेवर, जुनागढ शहराबाहेर, एका प्रचंड शिळेवर सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. त्यांपैकी दुसऱ्या आज्ञेत राजाने आपल्या राज्यात आणि शेजारच्या राज्यांतही दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केल्याचे नमूद आहे. एक मनुष्यांसाठी आणि दुसरी पशूंसाठी. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या बाहेरून आणून लावल्या, असेही त्यात म्हटले आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात जनावरांच्या औषधपाण्याचा भार राजकोशाने उचलला, याची ही शिलालेखीय साक्ष होय. यात्रेकरू नेमिनाथांच्या दर्शनाला घाईने वर चढतो आणि ही शिळा पुष्कळदा पाहायची राहून जाते.

पशूंविषयी करुणा वाटणे निराळे आणि आजारी बैलाचे औषध कोणाच्या पैशाने आणायचे हे ठरविणे निराळे. जीवदयेचा इतिहास सांगताना पहिल्या गोष्टीवर पुष्कळ लिहिले गेले, दुसरीवर फारच थोडे. वास्तविक पाहता पांजरापोळींचा सारा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचाच इतिहास आहे.

खेड्यातील कुणब्याच्या दृष्टीने बैलाचे आजारपण म्हणजे घरातील कर्त्या माणसाचे आजारपण. मृग लागला, पाऊस पडला, वापसा आला आणि ऐन पेरणीत बैलाने मान टाकली, तर त्या वर्षाचे शेतच बुडाले. घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ-खुरकूत, बुळकांडी ही रोगांची नावे मराठी शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उपायही ठरलेले होते. गावातील जाणता माणूस किंवा फिरता वैदू पाला वाटून देई, नळीने काढा पाजी, सुजलेल्या सांध्यावर तापल्या लोखंडाचा डाग देई. मोबदला म्हणून पायलीभर धान्य मिळे. यातील काही उपाय गुणकारी होते, काही निरुपयोगी आणि डागण्यासारखे काही तर निव्वळ यातना देणारे होते. अश्वांसाठी शालिहोत्र आणि हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद असे ग्रंथ आपल्याकडे झाले खरे, परंतु ती विद्या राजांच्या पागेत आणि पीलखान्यात राहिली. कुणब्याच्या गोठ्यापर्यंत ती क्वचितच पोहोचली. उपाय हरला की मालकापुढे दोनच वाटा उरत. जनावर दावणीला मरू द्यायचे, किंवा बाजारात नेऊन मिळेल त्या किमतीला विकायचे. त्या बाजारातून ते कोठे जाणार हे विकणाऱ्याला ठाऊक असे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जीवाला जखडून बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेर ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. ही यादी नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते की तिच्यात वनातील हरणाचा विचार नाही. दावणीची गाय, गाडीचा बैल, पाठीवर गोणी वाहणारे जनावर, म्हणजे माणसाने स्वतःच्या उपयोगासाठी बाळगलेला पशू, येथे डोळ्यांसमोर आहे. व्यापारी समाजाचा माल याच पशूंच्या पाठीवरून बंदरापर्यंत जात असे. मालाच्या प्रत्येक गाठीबरोबर या मुक्या जीवांचे थोडे ऋण पेढीवर चढत होते, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

हे ऋण फेडण्याची जी व्यवस्था पश्चिम भारतातील महाजनांनी उभी केली, तिने परदेशी प्रवाशांना थक्क केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच याने खंबायतमधील लंगड्या कुत्र्यामांजरांच्या आणि पक्ष्यांच्या इस्पितळांची नोंद केली आहे, मुंग्यांना अन्न घालणाऱ्यांचीही केली आहे. १६२३ मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले खंबायतला आला. पक्ष्यांच्या इस्पितळात त्याला एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध दिसला. नाकावर चष्मा लावून, कापसाच्या पेटीत ठेवलेल्या आईवेगळ्या उंदरांच्या पिलांना तो पिसाच्या टोकाने दूध पाजीत होता. प्रवाशाने हे दृश्य काहीशा विनोदाने नोंदविले असावे. परंतु त्या वृद्धाचा चष्मा, पेटीतला कापूस, दूध आणि त्याचा दिवसभराचा वेळ या सर्वांचा खर्च त्या नगरातील कोणीतरी नियमितपणे देत होते, ही गोष्ट विनोदाची नव्हे.

पांजरापोळ म्हणजे मुळात इस्पितळ नव्हे, हे येथे स्पष्ट करावयास हवे. तो आश्रय होता. म्हातारे, लंगडे, आंधळे, असाध्य रोगाचे जनावर तेथे येई आणि मृत्यू येईपर्यंत राही. अहमदाबादसारख्या जुन्या पांजरापोळींतून धान्यातील किड्यांसाठी ‘जीवातखाना’ नावाची वेगळी खोलीही असे. येथे आलेले जनावर सहसा परत जात नसे. मालकाने ते एकदा सोडले की त्याचा त्यावरील हक्क संपला. यामुळे पांजरापोळीच्या खर्चाला एक विशेष वळण मिळाले. बरे होऊन कामाला लागणारा, म्हणजे पुन्हा कमावणारा रोगी येथे नव्हताच. जो आला त्याचा चारा वर्षानुवर्षे चालू राही आणि नवे येतच राहात. चाऱ्याच्या खर्चापुढे औषधाचे खाते नेहमीच लहान राहिले. दुष्काळात तर ते नाहीसेच होई. १८७६-७८ चा दुष्काळ आणि संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, ‘छप्पनिया’ यांत खेड्यापाड्यांतून सोडून दिलेल्या गुरांची रीघ लागली, तेव्हा वैरण मिळवितानाच संस्था टेकीस आल्या.

मुंबईच्या पांजरापोळीची जन्मकथा रस्त्यावरच्या कुत्र्यांपासून सुरू होते. १८३२ मध्ये इंग्रज सरकारच्या हुकुमाने मोकाट कुत्री मारली जाऊ लागली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस होते, त्यामुळे घरांच्या आसपासची कुत्रीही सुटेनात. पारशी समाज प्रथम रस्त्यावर उतरला, इतर त्याच्या मागोमाग आले आणि शहरातील व्यवहार बंद पडले. दंगा शमला तरी प्रश्न उरला होता. मारायचे नसेल तर या जनावरांचे करायचे काय? १८३४ मध्ये शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरापोळ स्थापन झाली. एक जैन आणि एक पारशी, दोघेही समुद्रपार व्यापार करणारे. जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळावयाचा होता. मोतीशा शेठ त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३६ मध्ये निवर्तले. भायखळ्याच्या आदीश्वर मंदिरामुळे त्यांचे नाव आज घेतले जाते, पांजरापोळीमुळे क्वचितच. शहर वाढले तशी गुरे बाहेर न्यावी लागली. चेंबूर-देवनार भागातील ज्या चौकाला आजही सर्वजण पांजरापोळ म्हणतात, त्या नावाचा उगम असाच आहे. पूर्व मुक्तमार्गावरून तेथे उतरणाऱ्या मोटारींतील कितीजणांना हे ठाऊक असेल?

अशा संस्थांचा खर्च ‘लागा’ या पद्धतीने चाले. गुजराती पेढ्यांवर यालाच ‘लागो’ म्हणत. धान्य, कापूस, साखर अशा मालाचा सौदा झाला की ठरलेला अल्प अंश पांजरापोळीच्या नावे वेगळा पडे. ती रक्कम पेढीच्या वहीत निराळ्या खात्यावर जमा होई आणि ठराविक काळाने महाजनांकडे जाई. कोणावर सक्ती नव्हती असे म्हणतात, परंतु महाजनांचा शब्द मोडून बाजारात उभे राहणे सोपे नव्हते, त्यामुळे ती कराइतकीच पक्की होती. या व्यवस्थेचे मर्म असे की जनावर आजारी पडल्यावर कोणाकडे हात पसरावा लागत नसे. पैसा आधीच, थोडाथोडा, हजारो व्यवहारांतून गोळा झालेला असे. आजच्या भाषेत तिला विम्याची चुलत बहीण म्हणता येईल.

लाग्याखेरीज पर्युषणातील बोल्या, लग्नकार्यातील आणि मृत्युप्रसंगीची दाने, तसेच कायमी तिथ्या यांचाही आधार होता. कायमी तिथी म्हणजे एखाद्या कुटुंबाने रक्कम ठेवायची आणि तिच्या व्याजातून वर्षातील एका दिवसाचा चारा चालवायचा. हिशेबाची शिस्त कडक होती. श्वेतांबर संघांच्या वहिवाटीत देवद्रव्य, साधारण आणि जीवदया ही खाती वेगळी असतात. जीवदयेसाठी आलेला पैसा मनुष्याच्या कामी, मग ते कितीही चांगले असो, वापरता येत नाही. या कडकपणाची काहीजण थट्टा करतात. मात्र मनुष्याच्या गरजेपुढे जनावराची गरज नेहमीच मागे पडते, हे ओळखूनच पूर्वजांनी ही भिंत बांधली होती. तिने जेवढे वाचवले तेवढे नुसत्या उपदेशाने वाचले नसते.

मात्र लाग्याची दुसरी बाजूही निर्भीडपणे सांगितली पाहिजे. वहीत लागा व्यापाऱ्याच्या नावे दिसे. प्रत्यक्षात अडतीवर माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून तो पुष्कळदा कापला जाई. तोलाई, हमाली, अडत यांच्या ओळीतच धर्मादायही बसे. म्हणजे ज्या कुणब्याचा बैल दावणीला कण्हत होता, त्याच्याच कापसातून पांजरापोळीचा चारा येत होता. आणि त्या बैलासाठी पांजरापोळीकडून त्याला काही हवे असेल तर बैल कायमचा सोडून द्यावा लागे. उपचार करून जनावर मालकाला परत देणे ही गोष्ट तेथील मूळ योजनेतच नव्हती. गरीब मालकाची खरी अडचण होती ती हीच. त्याला बैल सोडून पुण्य जोडायचे नव्हते. बैल बरा होऊन पुन्हा औताला जुंपायचा होता, आणि औषधाला पैसे नव्हते.

ही अडचण ओळखणारी संस्था मुंबईत पन्नास वर्षांनी उभी राहिली. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या आणि त्याच वर्षी पशूंना होणाऱ्या क्रौर्याला आळा घालणारी मुंबईची मंडळीही स्थापन झाली. हा योगायोगच असावा, पण तो बोलका आहे. ट्रामचे घोडे, बंदरावरचे बैल, भाड्याच्या व्हिक्टोरिया, साऱ्या शहराचे चलनवलन जनावरांच्या पाठीवर होते. बरगड्या निघालेला, जुवाने मान सोलवटलेला बैल मुंबईत पदोपदी दिसे. मंडळीचे माणूस गाडीवानाला पकडून न्यायाधीशापुढे उभे करी. मात्र दंड भरून गाडीवान अधिक गरीब होई आणि बैलाची जखम तशीच राही. शिक्षेबरोबर उपचार हवा, हे त्यातूनच पुढे आले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८३-८४ च्या सुमारास उभे राहिले. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे होते.

वरवर पाहता हे सारे इंग्रजी विद्येचे आगमन वाटते. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने मात्र येथे एक मोठा पालट झाला. जनावर इस्पितळात आले तरी मालकाचेच राहिले. बरे झाले की ते घरी गेले. एका खाटेवर, म्हणजे खरे तर एका ठाणावर, वर्षभरात अनेक रोगी येऊन गेले. पांजरापोळीत ज्या खर्चात एक असाध्य जनावर वर्षभर जगे, त्याच खर्चात येथे कितीतरी बैल पुन्हा उभे राहू शकत. शिवाय महाविद्यालयामुळे विद्यार्थ्यांचे हात मिळाले. शिकणाऱ्याला रोगी हवा होता आणि गरिबाच्या रोग्याला स्वस्त वैद्य हवा होता.

तेव्हा पांजरापोळीचे दिवस संपले का? तसे म्हणता येणार नाही, कारण असाध्य रोगाचा प्रश्न इस्पितळाने सोडविला नाही. पाश्चात्त्य पशुवैद्यकाच्या मते जे जनावर बरे होणार नाही त्याला वेदनारहित मृत्यू देणे ही दया होय. जैन परंपरेला हे मान्य नाही. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य यातनांत पडले होते. वैद्याने आशा सोडली होती. गांधीजींनी सुई टोचवून त्याचा अंत घडविला आणि ते स्वतः जाहीरपणे लिहिले. अहमदाबादच्या आणि एकूणच जैन समाजात त्यावरून मोठे वादळ उठले, रागाची पत्रे आली, गांधीजींनी त्यांना उत्तरेही दिली. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. एवढेच नोंदवावयाचे की गांधीजींपुढे प्रश्न यातनेचा होता, पैशाचा नव्हता. पुढील काळात मात्र जगभर अनेक जनावरांचा अंत त्यांच्या असाध्य रोगामुळे न होता, उपचार मालकाला न परवडल्यामुळे होऊ लागला. असा निर्णय खिशाने घेऊ नये, यासाठीच पांजरापोळ हवी होती. तिच्या खर्चिकपणाचे समर्थन करावयाचे झाले तर ते येथेच सापडते.

औषधाचा खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग मात्र इस्पितळातून निघालाच नाही. तो प्रयोगशाळेतून निघाला. बुळकांडीने गावेच्या गावे रिकामी होत. १८७१ मध्ये गुरांच्या साथींविषयीच्या सरकारी आयोगाने अहवाल दिला आणि १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात जंतुशास्त्राची शाही प्रयोगशाळा सुरू झाली. अल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. शहराच्या गजबजाटात साथीच्या जंतूंवर काम करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे पुढे १९२० च्या दशकात एडवर्ड्‌स यांनी बकऱ्यांच्या ऊतींपासून बुळकांडीची लस सिद्ध केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशभर निर्मूलनाची मोहीम चालली. लस टोचणारा माणूस गावात आला की देवीचा कोप होईल म्हणून गुरे रानात पळवणारे गावकरीही होते. तरीही मोहीम टिकली. देशात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला आणि २०११ मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर करण्यात आले. ज्या रोगाने कुणब्याच्या दारातील बैलजोडी एका आठवड्यात जात असे, त्याचा खर्च शून्य झाला.

इकडे लाग्याची मुळे मात्र सैल होत होती. योगायोग असा की परळला महाविद्यालय निघाले त्याच १८८६ साली वऱ्हाडात कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार अस्तित्वात आला. कारंजा हे जैन विद्येचेही जुने पीठ. बाजार नियंत्रित होणे म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतून काय कापावे आणि काय कापू नये याचे नियम होणे. १९२८ मध्ये शेतकी आयोगाने बाजारांतील मनमानी कपातींवर कडक टीका केली. १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात शेतमाल बाजाराचा कायदा झाला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने तर ‘धर्मादा’ या शब्दालाच कायद्यात स्थान दिले. व्यवहारात रूढीने घेतलेली अशी रक्कम विश्वस्त निधी मानावी, तिचा हिशेब द्यावा, असे त्याचे कलम ५४ सांगते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सारे न्यायाचेच होते आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र जुना झरा आटला तेव्हा नवा कोणी खोदला नव्हता. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर येथील पांजरापोळींनाही कमीअधिक प्रमाणात दान, भाडे, व्याज आणि दुधाचे उत्पन्न यांवर संसार करावा लागला. कायमी तिथीची रक्कम जुन्या दराने ठेवलेली असे, तिच्या व्याजात पूर्वी दिवसाचा चारा येई, नंतर एका वेळेचाही येईना. औषधे तर त्याहून वेगाने महागली.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने गरीब मालकाची दखल घेतली, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, कलम ३५ मध्ये, पांजरापोळीचा नावानिशी उल्लेख आहे. क्रौर्याच्या प्रकरणातील जनावर न्यायदंडाधिकारी उपचारासाठी पशुरुग्णालयात किंवा पांजरापोळीत पाठवू शकतो. ने-आणीचा, पोसण्याचा आणि उपचाराचा खर्च मालकाने द्यावयाचा. परंतु मालक गरीब असल्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्याने तसा आदेश दिला, तर उपचाराचे शुल्क घेतले जाऊ नये, अशी सवलत त्याच कलमात आहे. गाडीवानाला दंड करून बैल तसाच सोडणाऱ्या जुन्या मुंबईपासून कायदा येथवर आला. १९६२ मध्ये या कायद्यान्वये जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन झाले. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. पांजरापोळींना मंडळाकडून अनुदान मिळू लागले, खर्चाच्या मानाने ते अल्प असले तरी.

त्याच वर्षी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील गुरांचे दवाखाने त्यांच्याकडे आले. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, श्रेणी दोनच्या ठिकाणी पशुधन पर्यवेक्षक, अशी रचना पुढे रूढ झाली. नाममात्र शुल्काचा केसपेपर काढला की तपासणी होई. अशोकाच्या शिळेवरील कल्पना, म्हणजे राज्याने पशूंचा वैद्य पुरवावा ही, तालुक्या-तालुक्यात उतरली. उणीव राहिली ती औषधांची. कपाटात असेल ते औषध मिळे, नसेल त्याची चिठ्ठी हाती पडे आणि ती चिठ्ठी घेऊन शेतकरी बाजारपेठेतील औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राही. तेथे तो स्वस्तातले मागे. त्याला दोष कोण देईल?

या स्वस्तातल्या औषधाची एक कथा जीवदयेच्या इतिहासात लिहून ठेवण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. किंमत अगदी थोडी आणि गुण लवकर. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी पाय टेकू लागे. शेतकरी, दवाखाने, गोशाळा, पांजरापोळी सर्वांना ते वरदान वाटले. पण ते घेतलेले जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ मध्ये संशोधकांनी हे कारण उघड केले, तोवर भारतातील गिधाडांच्या काही जाती शंभरात दोनचारही उरल्या नव्हत्या. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या निर्मितीवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच होत्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपीही तीन मिलिलिटरहून मोठी नसावी असा आदेश निघाला. त्याऐवजी सुचविलेले मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक होते, आरंभी मात्र महाग होते. एका जीवाची वेदना स्वस्तात शमविताना दुसरी जातच्या जात नष्ट होत होती आणि ज्याने सुई टोचली त्याच्या मनात दयेखेरीज काही नव्हते. यातील सर्वांत दुःखद विसंगती अशी की गिधाडे नाहीशी झाल्याचा घाव पारशी समाजावर बसला. दोखम्यातील त्यांचा अंत्यविधी या पक्ष्यांवर अवलंबून होता. आणि मुंबईत जनावरांसाठी प्रथम रस्त्यावर उतरला होता तो हाच समाज, परळचे इस्पितळ उभारले होते तेही याच समाजाच्या पैशाने.

२०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची साथ आली. गुरांच्या अंगावर गाठी, ताप, पायांवर सूज. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. आजारी जनावर विकून मोकळे होण्याची जुनी वाट शासनानेच अडविली होती, म्हणून उपचाराचा भारही त्याच्याकडे आला. लसीकरण मोफत झाले. दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये अशी मदत जाहीर झाली. ती मिळविण्यासाठी पंचनाम्याचे कागद करावे लागत आणि दुःखात कागद करणे सर्वांनाच जमते असे नाही. ज्यांची जनावरे जगली, पण आटली किंवा अधू झाली, त्यांना या आकड्यांत जागा नव्हती. त्या जनावरांचा भार मालकाच्या नाहीतर पांजरापोळीच्याच गोठ्यावर पडणार होता.

साथीत जी लस टोचली गेली ती मूळची शेळ्यांच्या देवीवरील होती. ती सिद्ध करणारी भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही १८८९ मध्ये पुण्यात सुरू होऊन मुक्तेश्वरला गेलेल्या त्याच प्रयोगशाळेचा आजचा विस्तार होय. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे करार होऊन शेळ्यांच्या देवीची लस आणि लम्पीसाठी देशात नव्याने तयार झालेली स्वतंत्र लस या दोन्हींच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे सोपविण्यात आले. एकशे तेहतीस वर्षांपूर्वी पुण्यातून निघालेली विद्या अशा रीतीने औंधच्या आवारात परत आली.